गार वारा सुटल्यावर मासा कुठे जातो?



सुरतेत थंडी आली हे कळायला हवामान खात्याकडे बघावं लागत नाही. अडाजणला पोंकाचे स्टॉल लागतात, घरोघरी उंधियूचा बेत शिजायला लागतो, आणि पारा सतराच्या खाली उतरला की आमच्या सोसायटीतले काका कानटोपी घालून स्कूटरवर दिसायला लागतात. याच दिवसांत पाहुणेही येतात. नाताळची सुट्टी, मग उत्तरायण. पुण्याची, बंगळूरची, परदेशातली भावंडं मुलाबाळांसह उतरतात आणि त्यातला एखादा भाचा किंवा पुतण्या हमखास म्हणतो, "काका, मला फिशिंगला ने ना!"

पंचाईत अशी की पोरांना सुट्टी लागते तेव्हाच मासाही सुट्टीवर जातो. चार दिवस आधी जिथे गळ टाकला की मासा लागत होता, तिथे गार वारा सुटल्यावर तासन्‌तास काहीच घडत नाही. बारा वर्षांचा मुलगा चार तास पाण्याकडे बघत बसतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. तो पुन्हा रॉडला हात लावत नाही, मोबाइलला लावतो. आमच्याच घरात दोन मुलं अशी कायमची हातची गेली. म्हणून या वेळचा लेख थंडीची लाट आल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांसाठी. त्या दिवसांत मासा असतो कुठे, आणि त्याच्यापुढे काय धरायचं?

आधी वाऱ्याचं बघू. आपल्याकडे हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने एकामागून एक पश्चिमी विक्षोभ येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो. आपल्यापर्यंत त्याचं शेपूट पोचतं. एखादा दिवस ढगाळ, जरा दमट, कधी चार थेंब. मग तो पुढे सरकतो, वारा उत्तरेकडून वाहायला लागतो, आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि रात्रीचं तापमान चार-पाच अंशांनी उतरतं. कच्छात नलियाला पारा एक आकडी होतो, सुरतेत बारा-तेरापर्यंत येतो. गच्चीवरच्या पोरांना हे बातम्यांच्या आधी कळतं. पतंग दक्षिणेकडे जायला लागले की समजावं, विक्षोभ गेला.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून आलेल्यांना ही थंडी हास्यास्पद वाटते. तिकडे एका रात्रीत पारा पंधरा-वीस अंश कोसळतो. पण तिथला बास मासा बर्फाखालीही हिवाळा काढतो. आपली मरळ ऊन पाण्यात वाढलेली. सुरतेचा माणूस सतरा अंशांत कानटोपी घालतो, तसंच तिचं. तिच्या अंगाला लागते ती घसरण, थर्मामीटरवरचा आकडा नव्हे.

आता एक गोष्ट जी प्रत्येक गळवाला शपथेवर सांगतो: "हवेचा दाब वाढला की मासा खात नाही." मी बी.ई. असल्यामुळे मला असल्या ठिकाणी कॅल्क्युलेटर काढायची वाईट खोड आहे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला तर माशाला जेवढा फरक पडेल, तेवढाच तो एक सेंटिमीटर खोल गेला तरी पडतो. विक्षोभ गेल्यावर आपल्याकडे दाब पाच-सात हेक्टोपास्कलने वाढतो असं धरू. म्हणजे पाच-सात सेंटिमीटर पाणी! मासा शेपटी एकदा हलवतो तेव्हा याहून जास्त वर-खाली होतो. शिवाय आपल्या उष्ण प्रदेशात दाब रोजच तीन-चार हेक्टोपास्कलने वर-खाली होत असतो, सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो. एवढ्याने मासा जेवण सोडत असता तर तो रोजच उपाशी राहिला असता. त्यामुळे दाबाला दोष द्यायचा तर द्या, पण मला पटत नाही. दाब वाढतो त्याच वेळी इतर दोन गोष्टी बदलतात, आणि खरं काम त्या करतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्याचं तापमान. माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. ढोबळमानाने दहा अंश उतरले की त्याच्या शरीराचा सगळा कारभार निम्म्यावर येतो. पचनही मंदावतं, मग भूक कशी लागेल? रात्री गच्चीवर एक परात भरून पाणी ठेवा आणि सकाळी ते पाणी आणि टाकीतलं पाणी, दोन्हींत हात घालून बघा. परातीतलं बोचरं गार असेल, टाकीतलं काल होतं तवढंच. तलावाचा उथळ काठ ही परात आहे. काठावर खेळणारी बारीक मासळी पहाटे तिथून सटकते आणि तिच्यामागे मोठा मासाही.

दुसरी गोष्ट उजेड. ढग गेले, धूळ बसली, पाणी निवळलं की ऊन खोलवर जातं. माशाला पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय नाही. तो सावली शोधतो: दगडाची कपार, बुडालेलं झाड, जलकुंभीचं छप्पर.

म्हणजे मासा पळून गेलेला नसतो. काठापासून जिथे तळ एकदम खाली उतरतो त्या कडेला, काहीतरी आडोसा धरून, हलायचं नाही असं ठरवून बसलेला असतो. आपल्या घरातला आजारी माणूस आठवा. स्वयंपाकघरात जाऊन तो काही घेणार नाही, पण उशाशी मऊ भाताची वाटी ठेवली तर चार घास खाईल. मरळ हल्ला करायला पावसाळ्यात दोन मीटर झेपावते, आता वीतभर पुढे येते. आमिष त्या वीतभरात गेलं पाहिजे आणि तिथे रेंगाळलं पाहिजे. थंडीतली सगळी युक्ती एवढीच.

मरळीवरून आठवलं. मुलांना गळाआधी हे दाखवा. सुरतेत सिंगणपोर कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीचं पाणी गोडं आहे, खालच्या अंगाला भरती-ओहोटीचं. वरच्या बाजूला सुरक्षित जागी उभं राहून जलकुंभीच्या मोकळ्या खिडक्यांकडे बघत राहायचं. मरळीला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही. हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. पाण्यावर एक छोटा 'गुप' असा आवाज आणि वर्तुळ. उन्हाळ्यात ती सारखी वर येते. गार पाण्यात शरीराची गरजच कमी, त्यामुळे बराच वेळ खाली राहते. पोरांना मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन वर्तुळांमधला वेळ मोजायला सांगा. आज मासा किती आळसावला आहे याचा त्याहून चांगला मीटर बाजारात मिळत नाही.

आता पेटीत काय घ्यायचं? पावसाळ्यातला रबरी बेडूक घरीच ठेवा. पृष्ठभागावर उड्या मारणारं काहीही या तीन दिवसांत कामाचं नाही. मरळीसाठी तीन-चार इंची मऊ प्लॅस्टिकचा किडा, निवळ पाण्यात मातकट किंवा हिरवट रंगाचा, गढूळ पाण्यात काळा. गळाचं टोक किड्याच्या अंगातच लपवायचं म्हणजे झाडाझुडपात अडकत नाही, आणि पुढे चार-पाच ग्रॅमचं बंदुकीच्या गोळीसारखं शिसं. याला टेक्सास रिग म्हणतात. टाकायचं, तळाला बसू द्यायचं, मग रॉडच्या टोकाने वीतभर ओढायचं आणि थांबायचं. किती? दहापर्यंत मोजा. मुलं तीन-चारच्या पुढे जात नाहीत, म्हणून मी त्यांना पंधरापर्यंत मोजायला सांगतो.

शिंगाडा तळाचा मासा. त्याच्यासाठी दहा-बारा ग्रॅमचा जिग, खोल कडेवर उभा सोडायचा आणि तळापासून चार बोटं वर-खाली, बस्स. दोन तासांत काही झालं नाही तर खुशाल गांडूळ लावा. यात कमीपणा काही नाही, गार पाण्यात वासाचं आमिष लुअरपेक्षा भारी पडतं हे मान्य करावं. कटला मात्र लुअरच्या वाटेला जात नाही. तो पाण्यातलं बारीक जीवन गाळून खाणारा मासा. त्याला आणि रोहूला कणीक-पेंडीचा गोळाच लागतो. ती विद्या शिकायची तर मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या जुन्या मंडळींचे गोळे बघावेत. कोण काय मसाला घालतो ते बायकोलाही सांगत नाही.

मुलांना एक छोटा लाकडी मासाही दाखवा, म्हणजे मिनो लुअर. फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब मच्छीमाराने पाण्यात बघून बघून ताडलं होतं की मोठा मासा थव्यातला तो एकच मासा उचलतो जो जरा लंगडत पोहतो. 1936 मध्ये त्याने बुचाचं लाकूड तासून, चॉकलेटची चांदी गुंडाळून तसा लंगडणारा मासा बनवला. आज ते नाव जगभर चालतं. थंडीत यातला पाण्यात अधांतरी थांबणारा प्रकार घ्यावा. दोनदा हलकेच ओढून सोडून दिला की तो मरायला टेकल्यासारखा तिथेच लटकतो. मासा हल्ला करतो तो या थांबलेल्या वेळात.

आणि तंगूस बारीक घ्या. निवळ पाण्यात जाड दोरा दिसतो, शिवाय हलकं आमिष जाड दोऱ्यावर नीट बुडत नाही. मांज्यावर दोन-दोन तास चर्चा करणाऱ्या सुरतकरांना हे वेगळं सांगायला नको.

वेळेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: पहाटे उठू नका. गळवाले पहाटे चारला उठण्याचा अभिमान बाळगतात. उन्हाळ्यात ते बरोबर आहे. लाटेनंतर अकरापर्यंत झोपा, जेवा, आणि दीड ते चार पाण्यावर असा. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून तलावाचा उत्तर काठ दिवसभर ऊन खातो, आणि उत्तरेचा वाराही त्याच काठाच्या आड अडतो. अशा काठावर काळ्या दगडाची बंदिस्त खाडी सापडली तर दुपारी तिथे पाणी एखाद-दुसरा अंश चढतं. माशाला तेवढं पुरतं.

हे सगळं झालं पुस्तकी. खोल कड, बुडालेलं झाड, दगडाची कपार असं लिहायला सोपं आहे. पण उकाईसारख्या जलाशयावर उभं राहिलं की समोर नुसतं पाणी दिसतं. कड कुठे आहे? झाड कुठे बुडालंय?

इथे माझे मामा येतात.

सुरतेतल्या आपल्यापैकी अर्धेअधिक खानदेशातून आलेले. लिंबायत, उधना, डिंडोलीत अहिराणी ऐकू येते ती त्यामुळेच. कापडाच्या धंद्याने आपल्याला ओढून आणलं असं आपण म्हणतो. मामांना पाण्याने ढकलून आणलं. 1972 मध्ये तापीवर उकाई धरण झालं. सोनगडजवळ भिंत, आणि तिच्यामागचं पाणी चढत चढत पार महाराष्ट्रात नवापूर भागापर्यंत आलं. शंभराहून जास्त गावं पाण्याखाली गेली. मामांचं त्यातलंच एक. ते तेव्हा अकरा वर्षांचे होते. पुढे उधन्यात लूमवर चाळीस वर्षं काढली. दर हिवाळ्यात दोन-चारदा ते त्या पाण्यावर जातात आणि मासे घेऊन येतात. लाट असो नसो.

मी फोनला जोडायचा छोटा सोनार घेतला त्याला तीन वर्षं झाली. पाण्यावर टाकला की तळाचं चित्र स्क्रीनवर उमटतं. गेल्या डिसेंबरात टेक्सासहून पुतण्या आला होता. बरोबर स्वतःची लुअरपेटी, आणि तोंडी सगळी टेक्सासची ज्ञानसंपदा. विक्षोभ नुकताच जाऊन दुसरा दिवस. ओळखीच्या मच्छीमाराची होडी घेतली. तो होडीत, मी सोनार घेऊन, पुतण्या लाइफ जॅकेट घालून, आणि मामा पुढे, गुडघा धरून. होडीत चढायला त्यांना दोघांचा आधार लागला. दोन वर्षांपूर्वी एकाचा लागायचा.

मामा पाण्याकडे बघत नव्हते. एकदा डावीकडच्या डोंगराची खाच बघायचे, एकदा मागच्या टेकडीवरचं झाड. "अजून पुढे. अजून. थोडं सुरतेकडे." मग हात वर केला. "आठे टाक. आठे हीर शे."

सोनारवर तळ सपाट येत होता, अकरा मीटर, अकरा मीटर. मग एकदम नऊ, आणि एक लांबट उतरता उंचवटा. पन्नास वर्षांत विहीर गाळाने भरून गेली असणार. पण मोटेच्या बैलांनी चढ-उतार करायची ती धाव, तिचं दगडी बांधकाम जागेवर होतं. उंचवट्याच्या उतरणीला, तळाला चिकटून, चार-पाच ठळक कमानी. मासे.

पुतण्याने विचारलं, "मामाआजोबा, हाऊ डिड यू नो?" मी भाषांतर करायच्या आधीच मामा म्हणाले, "मी इथेच पोहायला शिकलो."

दोन खुणा एका रेषेत धरायच्या, दुसऱ्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत, आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे आपण. मी कामाच्या ठिकाणी नकाशांचं सॉफ्टवेअर लिहितो, हे गणित मला पगार देतं. मामांनी ते कुठे शिकलं विचारलं तर म्हणाले, त्यांच्या वडिलांनी पाणी चढताना दाखवलं होतं, म्हणजे आपलं शेत कुठे होतं ते विसरायला नको म्हणून. मासे नंतर आले.

पुतण्याने त्याचा टेक्सास रिग सोडला. दोनदा भराभर गुंडाळला, मामांनी काही न बोलता त्याच्या मनगटावर हात ठेवला. मग तो थांबायला लागला. पंधरापर्यंत मोजत, इंग्रजीत. गार पाण्यातला मासा झटका देत नाही. ओलं फडकं अडकल्यासारखं फक्त जड लागतं, आणि बहुतेक जण तो कचरा समजून सोडून देतात. तो म्हणाला, "काका, इट्स स्टक." मामा म्हणाले, "ओढ." दोन किलोच्या आतबाहेरचा शिंगाडा होता. तासाभरात अजून एक लागला, तो ओल्या हाताने धरून सोडला. पहिला मात्र मामींच्या हातचा झाला, काळ्या मसाल्यात.

त्या दुपारपासून आमचा नवा उद्योग सुरू आहे. मामा दाखवतात, मी फोनमध्ये खूण करतो. आजपर्यंत अकरा झाल्या. नावं मामांनी दिली तीच ठेवली आहेत: हीर, पाटलाचा बांध, जोड आंबा, गाडीवाट, मसणवट. या प्रत्येक जागी तळ काहीतरी वेगळं करतो, म्हणून प्रत्येक जागी थंडीत मासा बसतो. गाडीवाटेवर तर दोन्ही बाजूंचे दगड सोनारवर चक्क ओळीत दिसतात. पुतण्या टेक्सासहून दर रविवारी फोन करून विचारतो, नवी खूण झाली का. आधी तो मामांशी दोन वाक्यंही बोलत नसे. आता मसणवट म्हणजे काय, गाडीवाट म्हणजे काय, हे सगळं मराठीत विचारतो.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. जलाशयावर पोट असलेली माणसं आहेत. आधी त्यांना आणि तिथल्या मत्स्यखात्याच्या कचेरीत विचारा, त्यांच्या जाळ्यांच्या आसपास गळ टाकू नका. धरणाच्या खालच्या अंगाला मुलांना घेऊन पाण्यात उतरू नका. वीजघरातून पाणी सुटलं की कोरडा खडक बघता बघता बुडतो. होडीत सगळ्यांना जॅकेट, पोहता येणाऱ्यांनाही. तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा, पाणकावळ्यांच्या पायात ते अडकतं. आणि थर्मासमध्ये चहा जास्त घ्या, उत्तरेचा वारा पाण्यावर सुरतेपेक्षा बराच बोचतो.

एक विनंतीही आहे. आपल्या मंडळात उकाईच्या पाण्याखालून आलेली आणखी कुटुंबं आहेत. घरात कोणी आजी-आजोबा असतील ज्यांना आपलं गाव पाण्यावरून अजून दाखवता येतं, तर मला कळवा. सोनार आणि होडी माझ्याकडून.

मामांच्या यादीत चार जागा राहिल्या आहेत. शाळा त्यातलीच एक. तिच्या खुणेचं झाड कोणीतरी तोडलं, त्यामुळे एक रेषा मिळते, दुसरी मिळत नाही. मामा म्हणतात मे महिन्यात पाणी उतरू दे, मग काठाने चालत जाऊन बघू. गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे.